हाफ-टन पिकअपमागे गुरांचा ट्रेलर शेपूट हलवतो, तेही अधूनमधूनच

तक्रार थोडक्यात अशी. हाफ-टन पिकअप (पूर्ण आकाराच्या पिकअपमधली सगळ्यात हलकी जात), मागे सोळा फुटी गुरांचा ट्रेलर. ताशी साठ मैलांच्या आसपास ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. पहिला झोका इतका बारीक की वाटतं, वारा आला असेल. दुसरा त्याहून मोठा. तिसऱ्याला आरशात ट्रेलरची डावी बाजू दिसते, मग उजवी, आणि पिकअपचं मागचं बूड कुणीतरी धरून हलवतंय असं वाटायला लागतं. वेग पन्नासच्या खाली उतरला की सगळं गप्प.

हे दर वेळी झालं असतं तर पहिल्याच आठवड्यात कारण सापडलं असतं. मला दीड वर्ष लागलं, कारण चार खेपा बिनबोभाट व्हायच्या आणि पाचवीला जीव मुठीत घेऊन घरी यायचो. ज्यांना हाच त्रास आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझ्यासारखे हौशी गुराखी टेक्ससमध्ये आता बरेच झालेत. आम्ही ऑस्टिनच्या पूर्वेला, बॅस्ट्रॉप कौंटीत राहतो. तीस एकर, पाच-सहा गायी, वीसेक शेळ्या. दुधाचा काही संबंध नाही. जमीन आधीच्या सातपैकी पाच वर्षं शेतीच्या वापरात असेल तर तिचा कर बाजारभावावर न बसता शेतीच्या उत्पन्नावर बसतो, आणि फरक इतका असतो की सॉफ्टवेअरवाला माणूसही शेण काढायला तयार होतो. त्यातून मग भाकड गाय लिलावाला नेणं, कालवड आणणं हे आलंच. त्यासाठी मोठा ट्रक घेणं परवडत नाही. ऑफिसला जायची पिकअप असते, तिलाच ट्रेलर जोडायचा.

आधी काय काय बदललं

पहिला संशय पिकअपवर. कंपनीच्या माहितीपत्रकात ११,००० पौंड ओढते असं लिहिलेलं, आणि माझं भरलेलं ट्रेलर सात हजारांच्या आत. म्हणजे गाडी कमजोर नाही, तर कुठला तरी भाग झिजला असणार, असं मी ठरवून टाकलं. मागचे शॉक अॅब्झॉर्बर बदलले. फरक शून्य. मग मागचे टायर जाड भिंतीचे, एलटी (लाइट ट्रक) जातीचे घातले. थोडा फरक. मग वजन वाटणारं हिच (पिकअपला ट्रेलर जोडायचा सांधा) आणि त्याला घर्षणाचा दांडा लावला, ज्याला दुकानदार लहरण्यावरचं औषध म्हणून विकतात. आता ट्रेलर साठऐवजी पासष्टला लहरायला लागला. रोग तोच, फक्त ताप थोडा उतरलेला.

याच काळात एक गोष्ट लक्षात आली आणि तिनेच मला आणखी भरकटवलं. ट्रेलर जाताना लहरत नव्हता, येताना लहरायचा. लिलावाची जागा आमच्या पूर्वेला, ७१ नंबरच्या हायवेवरून पुढे. म्हणून मी वाऱ्याला दोष दिला, रस्त्याच्या उताराला दिला, ओलांडून जाणाऱ्या अठरा चाकी ट्रकांना दिला. हायवे पूर्व-पश्चिम असेल तर दक्षिणेचा वारा जाताना आणि येताना दोन्ही वेळा आडवाच लागतो, हे साधं भूगोलाचं गणित मला कित्येक महिने सुचलं नाही.

शेजारचे म्हातारेबुवा जन्मभर गुरं वाहून नेलेले. कुंपणाशी उभं राहून माझी सगळी खरेदीची यादी त्यांनी शांतपणे ऐकली आणि एवढंच विचारलं, "लहरलं तेव्हा जनावर कुठं उभं होतं?"

मला माहीत नव्हतं. ट्रेलर आपण ओढतो पुढे बघत. आत कोण कुठे उभं आहे हे बघायची गरज मला कधी वाटलीच नव्हती.

उलाळ

ट्रेलरचा जो भार पुढे हिचवर पडतो त्याला इंग्रजीत टंग वेट असा शब्द आहे, आणि तो कमी पडला की जे होतं त्याला आमच्या वाळव्याकडं शब्द कधीचा आहे. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते. धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून उठतं आणि जोत्यानं त्यांचा गळा आवळतो. माल भरणारा म्हणूनच आधी पुढे चार पोती टाकतो, मग मागे, आणि मधूनच जू हातानं उचलून बघतो की मानेवर किती पडतंय. मानेवर थोडं ओझं हवं. फार नको, पण हवंच.

ट्रेलरचंही तेच. पिकअपच्या हिचवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पडायला हवा. त्याच्या खूप खाली गेला की ट्रेलर उलाळ होतो. फरक एवढाच की बैलगाडी उभ्या उभ्या मागे कलते आणि आपल्याला कळतं. ट्रेलर मात्र हिचच्या बॉलला, म्हणजे लोखंडी गोळ्याला, कुलपात अडकलेला असतो, त्यामुळे उभा असताना काहीच दिसत नाही. दिसतं ते साठच्या वेगाला. वजनाचा मध्य आसाच्या जवळ किंवा मागे गेला की ट्रेलर पिकअपच्या मागे मुकाट्यानं येत नाही. एक छोटा धक्का बसला की तो परत सरळ येताना ओलांडून पलीकडे जातो, मग पुन्हा अलीकडे, आणि वेग जास्त असेल तर प्रत्येक फेरीत झोका वाढतो.

माझ्या ट्रेलरचा हिशेब मांडतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण पद्धत हीच. रिकामा ट्रेलर ३,२०० पौंड. रिकामा असताना हिचवर ४२० पौंड, म्हणजे साधारण तेरा टक्के, उत्तम. हिचच्या बॉलपासून दोन्ही आसांच्या मध्यापर्यंत १३ फूट. आता आत चढलेलं प्रत्येक जनावर हिचवर किती भार घालतं किंवा काढतं, तर त्याचं वजन गुणिले आसापासूनचं अंतर, भागिले तेरा. आसाच्या पुढे उभं असेल तर मिळवायचे, मागे असेल तर वजा करायचे. शाळेतली तरफ, दुसरं काही नाही.

मी लिलावाला तीन गायी नेत असे, प्रत्येकी १,१५० पौंडांच्या. त्यातल्या दोन पुढच्या कप्प्यात, मधलं फाटक बंद, एक मागे. पुढच्या कप्प्याचा मध्य आसाच्या पाच फूट पुढे, मागच्याचा तीन फूट मागे. हिचवर येतात साधारण १,०४० पौंड, एकूण ६,६५० पैकी. पंधरा-सोळा टक्के. जड आहे, पण लहरणार नाही.

येताना दोन कालवडी, सातशे-सातशे पौंडांच्या. कोवळी जनावरं, मोकळी राहू देत म्हणून मधलं फाटक मी उघडं बांधून ठेवायचो. त्या दोघी घाबरून मागच्या दाराशी, जिथून आत आल्या तिथेच तोंड लावून उभ्या. हिशेब करा: ४२० मधून जवळजवळ ३२३ वजा, उरले ९७. एकूण ४,६०० वर दोन टक्के. म्हणजे अर्धा रिकामा ट्रेलर, निम्म्याहून कमी माल, आणि तोच धोकादायक. मी मात्र माल हलका आहे म्हणून येताना वेग वाढवायचो.

चार खेपा का जमायच्या आणि पाचवी का बिघडायची, याचं उत्तरही यातच आलं. कालवडी कधी आपण होऊन पुढे जायच्या, कधी नाही. मी ट्रेलरमध्ये दोष शोधत होतो आणि दोष स्वतःच्या चार पायांवर इकडून तिकडे चालत होता.

पोती टाकली तिथे राहतात. पाण्याच्या टाकीतलं पाणीसुद्धा काही मर्यादेतच डचमळतं. गुरं उभी असतात, त्यांचं वजन उंचावर असतं, आणि ती ठरवून जागा बदलतात. सगळ्यात वाईट शेळ्या. ऐंशी पौंडांच्या वीस शेळ्या म्हणजे १,६०० पौंड, आणि एकीला काही दिसलं की विसाच्या वीस एका कोपऱ्यात. गायी निदान एकमेकींशी सहमत होत नाहीत.

उलट बाजूचाही खड्डा आहे

"सगळं पुढे ठेव" एवढाच धडा घेऊन मी पुढच्या खेपेला दोन्ही गायी पुढच्या कप्प्यात कोंबल्या आणि मागचा रिकामा ठेवला. ट्रेलर खिळल्यासारखा स्थिर. पण पिकअपचं नाक वर, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर, आणि वळणावर स्टिअरिंग असं हलकं की पुढची चाकं रस्त्यावर आहेत की नाही कळेना. साखर कारखान्याच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर पुढून उचललेला बघितला असेल, तसंच. हिशेब केला तर हिचवर १,३०० च्या वर पौंड, चोवीस टक्के. माझ्या हिचला वजन वाटणारे दांडे लावूनही मर्यादा १,१०० ची आहे. आपल्या हिचच्या चौकोनी नळीवर एक स्टिकर असतो, त्यावर बहुतेक वेळा दोन आकडे असतात, दांड्यांशिवायचा आणि दांड्यांसकट. दुसरा आकडा वाचून पहिल्या प्रकारे चालवणारे पुष्कळ आहेत.

आणि इथे मला माझी दुसरी, मोठी चूक सापडली. ११,००० पौंडांच्या त्या आकड्याची.

तो आकडा ज्या अमेरिकन मानकाने काढतात, जे-२८०७, त्यात गाडीत प्रत्येकी दीडशे पौंडांची दोन माणसं धरलेली असतात आणि हिचवर दहा टक्के भार. मागे बसलेला मुलगा, पिकअपच्या हौद्यातली हत्यारांची पेटी, खाद्याची पोती, पाण्याचं पिंप, यातलं काही त्यात नाही. हाफ-टन गाडीचा खरा आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेल्या पिवळ्या स्टिकरवर असतो: माणसं आणि माल मिळून इतक्या पौंडांच्या वर नको. माझ्या गाडीवर तो १,४८० आहे. आणि हिचवर पडणारा भार हा त्याच १,४८० मधून जातो, कारण गाडीच्या दृष्टीने तो मागे ठेवलेला मालच.

माझी नेहमीची खेप बघा. आम्ही तिघं ४३० पौंड. पंचावन्न गॅलनचं पाण्याचं पिंप भरलेलं, साधारण ४६०. खाद्याची दोन पोती, १००. हिचचं स्वतःचं वजन ८०. आणि हिचवर १,०४०. बेरीज २,११०. म्हणजे ११,००० ओढणारी गाडी ६,६५० ओढताना सहाशेहून जास्त पौंडांनी ओव्हरलोड होती, आणि इंजिनाला त्याचा पत्ताही नव्हता. इंजिन कधीच तक्रार करत नाही. मागचे टायर, मागचा आस आणि ब्रेक यांना सगळं सोसावं लागतं. वजन वाटणाऱ्या दांड्यांनी त्यातला काही भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या आसांवर जातो, गाडी सपाट दिसते, पण त्या स्टिकरवरचा आकडा काही वाढत नाही. सपाट दिसणारी गाडी ही यातली सगळ्यात फसवी गोष्ट.

आता पाणी लिलावाच्या ठिकाणीच भरतो. बायको वेगळ्या गाडीने येते किंवा येत नाही, आणि तिला त्याचं फारसं दुःख दिसत नाही.

जागा आहे म्हणून भरायचं नाही

हा मुद्दा मी वाद घालून घालून थकलोय म्हणून स्वतंत्र लिहितो. सहा फूट रुंद, सोळा फूट लांब ट्रेलर म्हणजे ९६ चौरस फूट. बाराशे पौंडांच्या बिनशिंगी जनावराला प्रवासात साधारण साडेचौदा चौरस फूट जागा धरतात. भागाकार केला की सहा गायी बसतात. आणि उभ्या केल्या तर खरोखर बसतात, छान दिसतात, पडतही नाहीत. पण सहा गायी म्हणजे ७,२०० पौंड, अधिक ट्रेलर ३,२००. ट्रेलरच्या पाटीवर लिहिलंय जास्तीत जास्त ७,०००, कारण खाली साडेतीन हजारांचे दोनच आस आहेत. जागा सहाची, ताकद तीनची. ट्रेलर बनवणाऱ्याने फसवलेलं नाही. तीच जागा वासरांनी भरली तर वजन बसतं. विकणारा मात्र "सहा गायी आरामात" असंच सांगतो.

काट्यावर एकदा तरी जा

वरचे सगळे आकडे कागदावरचे. खात्री करायला ट्रक स्टॉपवर जो मोठा वजनकाटा असतो तिथे एकदा जा. त्याचे प्लॅटफॉर्म वेगवेगळे असतात. पिकअपची पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर उभी करा. वजन वाटणारे दांडे असतील तर त्या वजनापुरते सैल करा. पावतीवर तीन आकडे येतात. दुसऱ्या एखाद्या दिवशी तेवढंच इंधन, तीच माणसं घेऊन एकटी पिकअप वजन करून या. जोडलेल्या पिकअपच्या दोन आकड्यांच्या बेरजेतून एकट्या पिकअपचं वजन वजा केलं की हिचवरचा भार मिळतो. जनावरं भरलेला ट्रेलर काट्याजवळ सोडून पिकअप वेगळी करायच्या भानगडीत पडू नका. मी तो प्रयोग केला. एक गाय आत हलली की जॅकवरचा ट्रेलर कसा दचकतो हे बघायची हौस फिटली.

उलाळ नसेल तर मग काय तपासायचं

सगळ्यांचंच कारण वजन असेल असं नाही. हिचवरचा भार ठीक असूनही लहरत असेल तर या गोष्टी बघा. मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने लिहितोय.

ट्रेलरचं नाक. सपाट जमिनीवर, जोडलेल्या अवस्थेत ट्रेलर बाजूने बघा. पुढून वर उचललेला असेल तर वजन मागे सरकतं आणि मागच्या आसावर जास्त पडतं. सपाट हवा, किंवा किंचित पुढे झुकलेला. बॉल बसवलेली पट्टी खाली उतरवली की झालं, पाना लागतो, पैसे लागत नाहीत.

टायर. ट्रेलरचे एसटी (स्पेशल ट्रेलर) जातीचे टायर थंड असताना भिंतीवर लिहिलेल्या पूर्ण दाबाला भरायचे. १५ इंची, २२५/७५, लोड रेंज (भार पेलायची श्रेणी) डी असेल तर ६५ पीएसआय. मऊ टायर बाजूला झुकतो आणि झोक्याला साथ देतो. यातले पुष्कळ टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच योग्य असतात. हायवेवर ७५ ची पाटी आहे ती मोटारींसाठी. टायरवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. शेतात उभ्या ट्रेलरचा टायर नक्षीने नवा आणि वयाने म्हातारा असतो. पाच-सहा वर्षं झाली की मी बदलतो. पिकअपच्या मागच्या टायरमध्येही हवा बघा. ऑफिसला जायच्या मऊ दाबावर ट्रेलर ओढू नका.

बॉल आणि कपलर, म्हणजे ट्रेलरच्या टोकाची बॉलवर बसणारी वाटी. दोन इंचाचा बॉल आणि दोन पूर्णांक पाच सोळांश इंचाचा, हे दोन्ही डोळ्यांना सारखेच वाटतात. मोठ्या कपलरमध्ये छोटा बॉल बसतो, खिट्टीही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निघून येतो. जोडून झालं की ट्रेलरचा जॅक फिरवून पिकअपचं बूड थोडं उचलून बघा. उचललं गेलं तर पकड खरी. साखळ्या ट्रेलरच्या जिभेखालून, म्हणजे पुढच्या दांड्याखालून, एकमेकींना छेदून लावा, म्हणजे ट्रेलर सुटलाच तर जीभ रस्त्यात न रुतता त्यांच्या झोळीत पडते.

ब्रेक. टेक्ससमध्ये ४,५०० पौंडांच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक लागतात, तेव्हा गुरांच्या जवळजवळ प्रत्येक ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असतातच. असतात म्हणजे चालतात असं नाही. गुरांचं मूत फटीतून खाली गळतं आणि वायरिंग खातं. सात पिनांच्या प्लगमध्ये निळी वायर ब्रेकची आणि पांढरी अर्थिंगची. नव्वद टक्के भुताटकी पांढरीत असते. जनावरं चढवायच्या आधी कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर ताशी पंचवीसच्या वेगाला कंट्रोलरची (पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारी पेटी) हाताची कळ पूर्ण दाबून बघा. चाकं घासत गेली तर गेन, म्हणजे ब्रेकचा ठरवलेला जोर, जास्त, काहीच झालं नाही तर कमी किंवा ब्रेक मेलेले. चाकं अडकायच्या थोडं अलीकडे ठेवा, मग माल भरल्यावर एक घर वाढवा. ट्रेलर सुटल्यावर आपोआप ब्रेक लावणारी पिनही महिन्यातून एकदा ओढून बघा. तिची बारा व्होल्टची छोटी बॅटरी कोरडी पडलेली असणं हा इथला सर्वसाधारण नियम आहे.

लाकडी तळ असेल तर खालून स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. याचा लहरण्याशी संबंध नाही, पण खाली वाकलाच आहात तर.

लहरायला लागलंच तर

पाय ब्रेकवर जातो. जाऊ देऊ नका. पिकअपचा ब्रेक लागला की पुढची गाडी थांबते आणि मागचं वजन तिला ढकलत बाजूला काढतं. मी पहिल्यांदा तेच केलं आणि दोन लेन व्यापून थांबलो, सुदैवाने दुसऱ्या लेनमध्ये कुणी नव्हतं. अॅक्सिलरेटरवरून पाय अलगद काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, झोक्याच्या उलट वळवून त्याला सरळ करायला जाऊ नका, आणि कंट्रोलरची हाताची कळ दाबा. म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून पिकअपला ताणतो. ताणलेली दोरी सरळ राहते. यासाठी ती कळ कुठे आहे हे हाताला न बघता कळायला हवं. माझ्या गाडीत ती गुडघ्याजवळ होती. मी ती स्टिअरिंगच्या उजवीकडे आणून घेतली. वेग जोर देऊन वाढवला की सरळ होतं असं सांगणारे भेटतात. उतारावर करून बघितलेला एकही भेटलेला नाही.

मग थांबा, आत बघा, जनावरं पुढे हाकला, मधलं फाटक लावा. "आता गप्प झालं" म्हणून तसंच पुढे जाऊ नका. वेग वाढला की तेच पुन्हा होणार.

माझी सध्याची रीत

मधलं फाटक नेहमी बंद, एकच जनावर असलं तरी. एकटी गाय पुढच्या कप्प्यात ठेवली की हिचवर साडेआठशेच्या वर जातात, टक्क्यांत बघितलं तर वीस, जास्तच. पण माझ्या हिचच्या मर्यादेत बसतं, आणि त्या खेपेला हौद्यात काही ठेवत नाही. तीच गाय मागच्या कप्प्यात उभी राहिली तर जेमतेम दीडशे पौंड उरतात. या दोन पर्यायांत मी विचार करत बसत नाही.

तीन असतील तर दोन पुढे, एक मागे. एक पुढे आणि दोन मागे केलं तर हिचवरचा भार पाच टक्क्यांवर येतो. तेवढ्यासाठी लिलावाच्या आवारात जनावरं उतरवून पुन्हा चढवावी लागली तरी चढवतो. मागे उभे असलेले लोक हॉर्न वाजवतात. वाजवू देत. चढवताना आरडाओरडा आणि काठी टाळली तर गुरं लवकर चढतात, आणि मुख्य म्हणजे चढल्यावर घाबरून दाराशी गोळा होत नाहीत. तळावर रबरी मॅट आणि थोडा भुसा, म्हणजे पाय घसरत नाहीत. घसरणारं जनावर सारखं जागा बदलत राहतं.

शेळ्यांसाठी मधल्या फाटकाच्या जाळीला प्लायवूडचा फळा बांधलाय, कारण गायींच्या फाटकाखालून त्या खुशाल निघून जातात. पहिल्या खेपेला त्यातली एक फळ्यावरून उडी मारून मागे गेली. एक शेळी ऐंशी पौंडांची, हिशेबात तिला मी माफ केलंय.

उन्हाळ्यात पहाटे पाचला निघतो. टेक्ससच्या दुपारी भरलेला ट्रेलर उन्हात उभा केला की पत्र्याखाली गुरं भाजतात, म्हणून पेट्रोल आदल्या रात्रीच भरून ठेवतो. वेग साठ. मागून येणारे वैतागतात, ओलांडून जातात.

गेल्या वर्षभरात एकदाच परत झोका जाणवला. रिकामा ट्रेलर, जाताना. थांबून बघितलं तर उजव्या बाजूचा मागचा टायर वीस पीएसआयवर, आणि त्यात बाभळीसारख्या मेस्किटचा काटा. घर्षणाचा तो महागडा दांडा अजून लावलेलाच आहे. काढायला वेळ झाला नाही.